ओळख कोणाची? (आवश्यक)

‘ओळख काढून पुन्हा या.’

स्क्रीनवर ही ओळ तिसऱ्यांदा उमटली, तेव्हा मी खुर्चीत मागे रेललो आणि वृंदाला हाक मारली. वृंदा म्हणजे माझी बायको. ती हात पुसत आली, वाचलं आणि म्हणाली, “बरोबर आहे की. ओळखीपाळखीशिवाय कोण देतं?”

“अगं, दुकान आहे हे. इंटरनेटवरचं.”

“मग त्यांना सांग तसं.”

सांगायची सोय नव्हती. मी गुप्त परीक्षक होतो.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. खेड्यापाड्यांतले लहान खाद्यउद्योग म्हणजे पापड, लोणची, मसाले करणारी माणसं. त्यांना एका योजनेतून विक्रीच्या वेबसाइट करून दिल्या होत्या. त्या कितपत चांगल्या चालतात हे तपासायला एका संस्थेनं आम्हां सहा जणांना कंत्राटावर घेतलं. बावन्न प्रश्नांचा तक्ता, शंभर गुण. साठच्या खाली गेलेली साइट एकतीस मार्चला बंद. परीक्षकानं गिऱ्हाईक बनून माल मागवायचा आणि कोण आहोत ते कळू द्यायचं नाही. कळलं तर मूल्यांकन रद्द.

स्वतःचं नाव आणि नंबर वापरायलाही बंदी होती. आधीच्या सव्वीस साइटींना मी वृंदाचा नंबर दिला होता आणि नाचणीच्या बिस्किटांपासून जवसाच्या चटणीपर्यंत सगळ्यांचे मेसेज येऊन ती वैतागली होती. म्हणून या सत्ताविसाव्या साइटला मी आईचं नाव दिलं, कुमुद खळदकर. आईचा फोन माझ्या टेबलाच्या खणात होता. तो मी रोज चार्ज करत असे.

साइट होती ‘वाघजाई महिला गृहउद्योग, आसनवाडी, तालुका कोरेगाव’ यांची. मी बऱ्याच वाईट साइटी पाहिल्या होत्या, पण ही वाईट नव्हती, ती वेगळ्याच जातीची होती. उघडल्या उघडल्या देवीचा फोटो आणि खाली पाटी: ‘दुकान सोमवारपर्यंत बंद. शालनताई भाचीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत.’ सोमवारी ती पाटी जाऊन दुसरी आली: ‘मुलगी झाली.’

मालाची वर्णनं अशी होती:

‘सांडगी मिरची. तिखट आहे. मूळव्याध असल्यास घेऊ नये.’

‘मेतकूट. संपलं. होतं तेव्हा चांगलं होतं.’

‘गव्हाची कुरडई. करणार लता, मंगल आणि शालन. गहू उत्तम. शेवटच्या चिकाच्या दिवशी ढग आले म्हणून तेवढ्या लालसर झाल्या. त्या वेगळ्या ठेवल्या आहेत, मागितल्या तरच देऊ.’

आमच्या तक्त्यात ‘वस्तूचे आकर्षक वर्णन’ या सदराला सहा गुण होते. मी एक दिला, तोही ‘मेतकूट’ वाचून हसलो म्हणून.

मग मागणीचा फॉर्म. नाव, पत्ता, मूळ गाव, माहेर (लागू असल्यास). त्याखाली लाल अक्षरांत दोन रकाने: ‘ओळख कोणाची? (आवश्यक)’ आणि ‘कोणत्या कार्यासाठी? (आवश्यक)’. ओळखीत मी आधी ‘नाही’ लिहिलं. मग ‘इंटरनेट’ लिहिलं. तिसऱ्यांदा ‘जाहिरात’ लिहिलं, तर ‘ओळख काढून पुन्हा या’च्या खाली आणखी एक ओळ आली: ‘आम्ही जाहिरात केलेली नाही.’

‘कोणत्या कार्यासाठी’मध्ये मी ‘नातीचं लग्न’ लिहिलं होतं. आम्हाला मूल नाही, त्यामुळे आईला नात असायचा प्रश्न नव्हता. पण चार किलो कुरडयांना लग्नाशिवाय काय कारण द्यायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी खणातला फोन वाजला. तो वाजला की मी दचकत असे.

“कुमुदताई खळदकर का?” बाईंचा आवाज मोठा आणि निवांत होता. “मी आसनवाडीस्नं शालन जगदाळे. तुमी तीनदा आलासा म्हून म्हनलं इचारावं.”

“मी त्यांचा मुलगा बोलतोय. शिरीष.”

“आईंना द्या की.”

“त्या झोपल्यात.”

“झोपू द्या झोपू द्या. लगीनघर म्हंजे दमनूक. तुमी सांगा. कुनाची ओळख?”

“ओळख तशी नाही कोणाची.”

“न्हाई कशी? आईंचं माहेर किन्हई लिवलंया. किन्हईत कुनाच्या?”

माहेर मी खरं लिहिलं होतं. खोटं बोलताना जमेल तेवढं खरं वापरावं, म्हणजे लक्षात ठेवायला सोपं जातं. “साबळ्यांच्या,” मी म्हणालो.

“थांबा,” त्या म्हणाल्या, आणि फोन तसाच धरून त्यांनी लांब कोणाला तरी हाक मारली. “थोरल्या बाई, किन्हईच्या साबळ्यांची कुमुद म्हायती का वो?” पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू आलं. मग त्या परत आल्या. “आवं, आमची थोरली जाऊ किन्हईचीच. तुमच्या आईच्या वर्गात व्हती. म्हनती, कुमुद म्हंजे गोरी, एका गालावर खळी. इहिरीत काठावरनं मुटका मारायची, पोरं घाबरायची पन ही न्हाई.”

आई पाण्याला घाबरते असं मी जन्मभर समजत होतो. गणपतीपुळ्याला ती गुडघ्यापुढे कधी गेली नाही.

“हॅलो,” शालनताई म्हणाल्या. “हायसा का?”

“आहे.”

“मंग आता ओळख झाली. तुमच्या आईचीच ओळख लावते, दुसरी कशाला? चार किलो धाडते. लालसरबी थोड्या घालते, घरी खायला. लगनात नका मांडू त्या.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “आमी लई इचारतो म्हून राग नगा मानू. आदी साताऱ्याचा व्यापारी सगळा माल न्यायचा आन सोताच्या नावानं इकायचा. आमी चौदाजणी, कुनी केलं ते कुनालाच ठावं न्हाई. आता पाकिटावर करनारनीचं नाव असतं. नाव टाकलं की कुठं जातंय ते इचारायला नगं का?”

फोन ठेवल्यावर मी तक्त्यात लिहिलं: ‘खरेदीस लागलेला वेळ – एक दिवस, तीन नकार, एक जाऊ.’ नंतर ‘एक जाऊ’ खोडलं.

पाच दिवसांत कुरडया आल्या. पाकिटावर खरंच ‘लता, मंगल, शालन’ असं निळ्या पेनानं लिहिलं होतं. आत वेगळ्या पुडीत हळकुंडं आणि सुपारी होती, लग्नासाठी. वृंदानं ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, “शिरीष, आता तरी सांग त्यांना.”

“सांगितलं तर मूल्यांकन रद्द. दुसरा परीक्षक नेमायला वेळ राहिला नाही तर साइट बंद. मग तो व्यापारी परत.”

“आणि तुझ्या मार्कांत त्या पास होतायत?”

मी बेरीज केली होती. एक्केचाळीस.

तरी एक भाग राहिला होता, परतावा. त्याला वीस गुण होते. त्या वीसमधून एकोणीस मिळाले असते तर साठ झाले असते, म्हणून मी तो भाग मनापासून करायचं ठरवलं. सूचना अशी होती: वस्तूत दोष नसताना ती परत करावी, यादीतलं ‘आता गरज राहिली नाही’ हे कारण निवडावं, आणि पुढचे अठ्ठेचाळीस तास विक्रेत्याच्या फोनला उत्तर देऊ नये. त्याची चिकाटी मोजावी.

मंगळवारी संध्याकाळी मी तसं केलं. बुधवारी सकाळी सातपासून आईचा फोन वाजायला लागला. मी प्रत्येक वेळी तक्त्यात उभी रेघ मारत होतो. दुपारपर्यंत अकरा झाल्या. वृंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “उचल तो फोन.” मी म्हणालो, “नियम आहे.” ती म्हणाली, “नियमाला आई नाही का?” दुपारनंतर फोन बंद झाले. ‘चिकाटी – मध्यम’ असं मी लिहिलं.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. वृंदानं दार उघडलं. दारात पन्नाशी उलटलेली एक बाई उभी होती, डोक्यावर पदर, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात पितळी डबा फडक्यात बांधलेला. चप्पल तिनं आधीच जिन्यात काढली होती.

“कवा गेलं माणूस?” ती हळूच म्हणाली.

“कोणाचं माणूस?”

“तुमचं.”

वृंदानं माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप मिटला. आवाज मी ओळखला होता.

शालनताई आत आल्या आणि सोफ्यावर न बसता भिंतीला टेकून खाली बसल्या. डबा समोर ठेवला. मग पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, “परवा सांजच्याला ते आलं, ‘आता गरज राहिली न्हाई’ म्हून. सूनबाई म्हनली, लगीन मोडलं असंल. मी म्हनलं, मोडलं असतं तर फोन उचलला असता, चार शिव्या घातल्या असत्या. अकरा डाव केला. थोरल्या बाई म्हनल्या, कुरडया परत आल्या म्हंजे सुतकच. सुतकात तळन कोन तळतंय?” त्यांनी डब्याला हात लावला. “पयल्या यष्टीनं आले. पिठलं-भाकरी हाय. तुमी चूल पेटवली नसंल.”

आमच्या गॅसवर त्या वेळी चहा उकळत होता. वृंदा आत गेली आणि तिनं तो बंद केला.

काय करावं ते मला सुचेना. माणूस गेलं नाही म्हणावं, तर कुरडया परत का? गेलं म्हणावं, तर कोण? शंभर गुणांच्या तक्त्यात याला कुठेही रकाना नव्हता. डोक्यात मी अजूनही हिशेब करत होतो: नवरीचा आजोबा मारावा का? बाबा तर मी कॉलेजात असतानाच गेले होते, त्यांना पुन्हा मारलं तर चालेल का?

शालनताईंनी घरभर नजर फिरवली. फोटो कुठेच नव्हता. लावायचा होता, पण मी लावू दिला नव्हता.

“आईंना बोलवा,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याजवळ बसते घडीभर. थोरल्या बाईंनी निरोप दिलाय.”

‘देवळात गेल्यात’ हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. वृंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. ती काही बोलली असती तर मी ते शब्द नक्की वापरले असते. ती बोलली नाही.

“आई गेली,” मी म्हणालो.

शालनताईंनी मान हलवली. त्यांना ते आधीच वाटलं असावं. “कवा?”

“चौदा महिने झाले.”

त्या मान हलवत होत्या ती मधेच थांबली.

“मंग कुरडया कुनी मागवल्या?”

मी सगळं सांगितलं. तक्ता, बावन्न प्रश्न, आईचं नाव, नसलेली नात. फोन का चालू ठेवला ते मात्र सांगता येईना, कारण ते मलाही नीट माहीत नव्हतं. मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, “म्हंजे लगीन खोटं आन मयत खरं.”

“हो.”

“आन तुमी मास्तर.”

“परीक्षक.”

“त्येच ते.” त्यांनी फडक्याची गाठ सोडली. “पिठलं बी खरं हाय. गार व्हतंय. ताटं घ्या.”

चौदा महिन्यांपूर्वी मेलेल्या माणसाचं पिठलं आम्ही तिघं जमिनीवर बसून जेवलो. भाकऱ्या ज्वारीच्या होत्या, पहाटेच्या, कडेनं कडक झालेल्या. मग शालनताईंनी विचारलं, “किती मार्क पडले?”

“एक्केचाळीस.”

“पास कितीला?”

“साठ.”

“कशात गेले?”

मी लॅपटॉप उघडून वाचायला लागलो. ‘ग्राहकांचे अभिप्राय दिसत नाहीत, शून्य.’ त्या म्हणाल्या, “बिघडलं तर बाया फोन करून बोलत्यात. ते काय भिंतीला लावू?” ‘छायाचित्रात वस्तूखेरीज इतर गोष्टी, शून्य.’ “ती मंगलची पावलं हायत. कावळं हाकायला उबी व्हती. ती नसती तर कुरडया ऱ्हायल्या नसत्या.” ‘ग्राहकाला अनावश्यक प्रश्न, उणे पाच.’ इथे त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला. “कंचा अनावश्यक?”

“कोणत्या कार्यासाठी, वगैरे.”

“मेल्या घरी हळकुंडं गेली असती तर?”

मी लॅपटॉप मिटला.

“तवा पिठलं कुनी आनलं?” त्यांनी अचानक विचारलं. “आई गेल्या तवा.”

वृंदा म्हणाली, “कोणी नाही. सोसायटीत सगळे नवीन होतो. ॲपवरून मागवलं.”

“भाकरी?”

“व्हेज पुलाव,” मी म्हणालो. “नंतर मेसेज आला, जेवण कसं वाटलं म्हणून. मी पाच तारे दिले.”

आणि मला रडू आलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही तोंडात पिठल्याचा घास असताना, जे फार गैरसोयीचं असतं. वृंदानं पाणी दिलं. शालनताई थांबा म्हणाल्या नाहीत, रडा म्हणाल्या नाहीत, जेवत राहिल्या. मी जरा सावरल्यावर त्यांनी थोरल्या जावेचा निरोप सांगितला: “कुमुदला म्हनावं, इहीर बुजवली न्हाई अजून.”

जाताना मी म्हणालो, “माझी ओळख उघड झाली, आता हे मूल्यांकन रद्द होईल. मी तसं कळवणार आहे. दुसऱ्याला नेमतील किंवा नेमणार नाहीत. साइट बंद होऊ शकते.”

“व्हऊ द्या न्हाईतर ऱ्हाऊ द्या. पन पाकिटावरची नावं मी पुसायची न्हाई,” त्या म्हणाल्या. कुरडयांचं पुडकं त्यांनी पिशवीत घातलं नाही, टेबलावरच ठेवलं. चपला घातल्या आणि ‘येते’ न म्हणता जिना उतरल्या. दुःखाच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत, हे मला वृंदानं नंतर सांगितलं.

त्याच दुपारी मी आमच्या प्रमुख नगरकर मॅडमना कळवलं.

“ओळख कशी उघड झाली?” त्यांनी फोनवर विचारलं.

“विक्रेत्या घरी आल्या.”

“तक्रार घेऊन?”

“पिठलं घेऊन.”

“हे मी अहवालात काय लिहू?”

“विक्रीपश्चात सेवा,” मी म्हणालो. “अठ्ठेचाळीस तासांच्या आत.”

त्यांना हसू आलं नाही, पण त्यांनी फाइल भालेरावांकडे पाठवली. भालेराव आमच्यातले सर्वांत कडक. त्यांनी तोवर पस्तीस साइटी तपासून एकोणतीस नापास केल्या होत्या. मुदतीला नऊ दिवस उरले होते. मी त्यांना काही सांगायचं नव्हतं आणि सांगितलंही नाही. ते दिवस मला जड गेले. कुरडया मी एकदाही तळू दिल्या नाहीत.

तीस मार्चला भालेरावांचाच फोन आला.

“खळदकर, तुमची ती आसनवाडी. अहो, त्या ओळखीच्या रकान्यात दोन दिवस अडकलो. शेवटी तुमच्या जुन्या कागदांत एक नाव दिसलं, कुमुद काहीतरी, तेच ठोकून दिलं. बाईंचा पाच मिनिटांत फोन. म्हणाल्या, कुमुदताईंच्या ओळखीचे म्हणजे घरचेच. तिसऱ्या दिवशी माल दारात.”

“आणि परतावा?”

“टाकला की. लगेच फोन. ‘घरी सगळे धड हायत का?’ म्हटलं, धड आहेत. ‘तळून बघितल्या का?’ म्हटलं, नाही. ‘मंग आदी तळा, खा, आन मंग परत करा.’ आता परताव्याची अशी अट कुठल्या साइटला असते? पण सूचनेत नाही म्हणूनही कुठे लिहिलेलं नाही. तळल्या. आमच्या पोरांनी पाकीट संपवलं. परत काय करणार, रिकामी पिशवी? ग्राहकाने परतावा स्वखुशीने मागे घेतला, वीसपैकी वीस.”

“एकूण?”

“एकसष्ट. मी एक शिफारस जोडलीय, ओळखीचा रकाना मोकळा ठेवू नये, पर्यायांची यादी द्यावी.” मग ते म्हणाले, “ही कुमुद कोण हो? वजनदार बाई दिसते.”

“आई माझी,” मी म्हणालो. “गेली ती.”

हे वाक्य मी दुसऱ्यांदाच म्हणत होतो. आता बरंच सोपं झालं होतं. त्या रात्री आम्ही कुरडया तळल्या, आधी लालसर. दुसऱ्या दिवशी मी आईचा फोन बंद केला. नंबर गेला, फोटो दिवाणखान्यात लागला.

साइट अजून चालू आहे आणि अजून तशीच आहे. मंगलची पावलं दिसतात. मेतकूट संपलेलंच असतं. फक्त भालेरावांची शिफारस त्यांनी मानली. ‘ओळख कोणाची?’वर बोट ठेवलं की आता तीन नावांची यादी उघडते. पहिलं शालन जगदाळे, दुसरं वाघजाई देवी, आणि तिसरं कुमुद खळदकर, माहेर किन्हई.

कोणाला कुरडया हव्या असतील तर मी सांगतो, तिसरं नाव निवडा, लगेच फोन येईल. कशासाठी हव्यात विचारतील. खरं सांगा.